एकरी साठ

नकाशावर मी पारदर्शक प्लास्टिक अंथरते.
धावपट्टीच्या टोकाला अरुंद, पुढे रुंद होत गेलेला तो आकार,
जसा घागऱ्याचा घेर;
त्याच्या आत काय चालतं नि काय नाही
हे मला आता झोपेतही सांगता येईल.

बदामाची बाग चालते, छाटून ठेवलीत तर.
ट्रॅक्टरचं गोदाम चालतं.
तळं नाही; तळं म्हटलं की बदकं आली.
पाळणाघर नाही. वृद्धाश्रम नाही.
जिथून उठून पळायला वेळ लागतो असं काहीच नाही.

एकरी किती बदाम, हे अल्मेंद्रात कुणीही सांगेल.
एकरी किती माणसं, हे विचारायला माझ्या खिडकीशी यावं लागतं.
साठ.

झुल्मिरा फागुंदेस आली ती गोठ्यातले रबरी बूट घालूनच.
गाई विकल्या, म्हणाली, ही चार एकर उरलीत.
जुन्या दफनभूमीत आता सुई शिरायला जागा नाही,
आणि देओलिंदोचं काही खरं नाही.
काचेवर बोट टेकवून म्हणाली :
मेलेल्यांना कसली आलीय विमानाची भीती?

मेलेले आम्ही मोजत नाही, बाई.
रडायला येणारे मोजतो.

ती हसली. मग मोजायला बसाच.
आमच्यात एक गेला की चारशे जमतात,
शिवाय सूप प्यायला आणखी शंभर.
चार एकरांचे दोनशे चाळीस होतात की नाही?

नाही होत. कबर एकच असते.
माणसं चार एकरांत विखरून रडत नाहीत.

यावर ती बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, हे मात्र खरं.

अकरा वर्षांपूर्वी इथंच, कांद्याच्या शेडवर पडलं होतं एक.
दुपारची वेळ, सगळे बाहेर डबे सोडून बसलेले.
आत एकटा इसाउरो, बेसबॉलचं समालोचन ऐकत.
रेडिओ संध्याकाळपर्यंत चालू होता म्हणतात.
साठ हा आकडा कुणी, कुठल्या दालनात ठरवला, ठाऊक नाही.
माझी मोजणी इसाउरोपासून सुरू होते.

परवानगी दिली. सतरा अटी.

देओलिंदो फेब्रुवारीत गेला, बदाम फुलले होते तेव्हा.
झुल्मिराच्या नातवांनी चुन्याची रेघ मारून ठेवली होती,
सरळ, फुटबॉलच्या मैदानावर मारतात तशी.
रेघेबाहेर रस्ताभर काळे कोट.
साठ आत यायचे, मूठभर माती टाकायचे,
पलीकडच्या फाटकातून बाहेर; मग पुढचे साठ.
पाद्र्यानं तीच प्रार्थना सात वेळा म्हटली
आणि सातव्यांदाही घाई केली नाही.

मी फाटकाशी, मुठीत मोजणीचं यंत्र.
टिक. टिक.
एका बाईच्या खांद्यावर मूल झोपलेलं.
कडेवरच्यांबद्दल नियमात एक अक्षर नाही.
मी बटण दाबलं.
एकसष्ट.
कुणाला काही बोलायच्या आधीच
एक म्हातारा टोपी काढून रेघेमागे सरकला,
जणू बसमध्ये जागा देत होता.

तेवढ्यात ते आलं, उडायला शिकणाऱ्या कुणाचं तरी,
नाक वरखाली, पंख लटपटत.
चारशे माना वर.
प्रार्थना थांबली नाही, फक्त ऐकू येईनाशी झाली.
चाकं टेकल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा टेकल्याचा,
आणि कुणीतरी नाक शिंकरलं.

अहवालात लिहिलं : एका वेळची कमाल उपस्थिती, साठ.
देओलिंदो धरलेला नाही.

मार्चमध्ये झुल्मिराचा फोन.
तिथं सावली नाही म्हणते, अंजिराचं झाड लावू का?
मी विचारलं, किती वाढतं?
ती म्हणाली, ते मी कशाला बघायला असणार आहे,
तुम्हीच मोजा.